चित्रकलेचे सात मार्क

शाळेत मी सगळ्यांची नक्कल करायचे. हेडबाईंची, जेटीवर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्याची, पावस गावच्या एसटीतल्या कंडक्टरची. "पुढे सरका, पुढे जागा आहे!" पुढे जागा कधीच नसायची. पण सगळ्यात जास्त टाळ्या पडायच्या त्या चित्रकलेच्या सरांच्या नकलेला. सर कोल्हापूरकडचे. आमच्याकडे "काय गो, काय करतेस" एवढ्या लांबलचक सुरात विचारतात, की प्रश्न संपेपर्यंत करायचं ते करून होतं. सर प्रत्येक शब्द नारळ टाकावा तसा टाकायचे. "काय. करालीस. गं."

आठवीत एकदा मी त्यांच्याच खुर्चीत बसून, कानावर ब्रश अडकवून त्यांचा तास घेत होते. वर्ग हसत होता, आणि एकदम गप्प झाला. मागे सर उभे.

"आवाज चोरलास व्हय माझा?" सर म्हणाले. "आता हात चोरून दाखव."

त्यांनी कागदावर एका दमात तांब्या काढला आणि ब्रश माझ्या हातात दिला. मी त्यांचा खांदा आठवला, मनगट आठवलं, श्वास कुठे धरला होता ते आठवलं आणि काढला. तांब्या आला. पोटाशी जरा फुगलेला, पण आला. सर कागदाकडे बघत राहिले आणि फक्त "हं" म्हणाले. त्या "हं"ची नक्कल मला आजपर्यंत जमलेली नाही.

त्यानंतर मला दुसरं काही करायचंच नव्हतं. शाळा सुटली की मी जेटीवर जाऊन बसायचे आणि मासळी निवडणाऱ्या बायकांच्या पाठी काढायचे. तोंडं नाही, पाठीच. पाठीवरून कोण दमलीय आणि कोण भांडायच्या तयारीत आहे ते कळतं. अकरावीला आर्ट्स, त्यात चित्रकला हा विषय, मग पुढे चित्रकलेचं कॉलेज, असं मी मनात सगळं लावून टाकलं होतं.

नववीत शनिवारी शेवटच्या दोन तासांना दोनच गोष्टी असायच्या: गणिताचे जादा तास, नाहीतर सरांची इंटरमिजिएटची बॅच. ही चित्रकलेची सरकारी परीक्षा. तिच्यात ए ग्रेड मिळाली की दहावीच्या मार्कांत सात मार्क वाढतात. सर वर्गात आले आणि फळ्यावर मोठा सात काढला.

"सात मार्क फुकट हाईत. घ्या!"

अर्ध्या वर्गाचे हात वर. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, पावसहून यायची, तिचा आंबा बटाट्यासारखा यायचा आणि बटाटा काढायला सांगितला तर तो आंब्यासारखा. तिचाही हात वर.

"तुला चित्र काढायचंय?" मी विचारलं.

"गप गो. गणितापासून सुटका तर होईल."

माझ्या घरी मात्र वेगळंच गणित होतं, पप्पांना पटवायचं. पप्पांची मासेमारीची बोट आहे. पावसाळ्यात बोट वर ओढलेली असते आणि पप्पा दिवसभर तिला घासत, रंगवत असतात. मी तिथेच गाठलं त्यांना. त्यांच्या नखांत निळा रंग, माझ्या नखांत निळा रंग. म्हटलं, शुभशकुन.

"चित्रं कशाला गो? बोटीवर नाव घालायला आमचा पेंटर आहे. दोन क्वार्टरमध्ये घालतो."

मी सरांचा आवाज काढला. "सात मार्क फुकट हाईत, घ्या!"

पप्पा हसले. ते हसले की मला वाटायचं आपण जिंकलो. मग म्हणाले, "फुकट तर घे. पण एक ऐक. दहावीला सायन्सच्या लिस्टीत नाव लागला, तर सायन्स. नाय लागला, तर काढ तुझी चित्रं, मी एक शब्द बोलणार नाय."

मी लगेच हो म्हणून टाकलं. माझं गणित किती कच्चं ते मला माहीत होतं. त्या गणितावर माझा पूर्ण विश्वास होता.

बॅचमध्ये मी वेड्यासारखं काम केलं. रविवारीही सरांच्या घरी जायचे. परीक्षेत स्मरणचित्राला बाजाराचा विषय आला आणि मी जेटी काढली: बर्फाचा चुरा, टोपल्या आणि पुढे सगळ्या पाठीच पाठी. ए ग्रेड मिळाली. मैत्रिणीला काहीच मिळालं नाही. घरून काढून आणायची तिची चित्रं मी काढून द्यायचे, पण परीक्षेत मी शेजारी नव्हते. दहावीत बोर्डाला पाठवायला सरांनी सर्टिफिकेटं मागितली, तेव्हा पहिली मीच नेऊन दिली. मिरवायचं होतं ना.

निकाल लागला. गणितात मला खात्री होती तशी नापास होता होता वाचले होते. मी खूश. मग सायन्सची लिस्ट लागली आणि तळाशी, अगदी खालून दुसरं, माझं नाव. मी तिथेच उभ्या उभ्या सात मार्क वजा करून बघितले. वजा केले की मी लिस्टीत नव्हते.

पप्पांनी जेटीवर पेढे वाटले.

मी सरांकडे पळत गेले. "सर, तुम्ही सांगा पप्पांना. तुमचं ऐकतील."

सर आले बिचारे. इस्त्रीचा शर्ट घालून जेटीवर आले, त्या चिखलात. पप्पांनी त्यांना उलट्या टबावर बसवलं, चहा मागवला. सर म्हणाले, "पोरीचा हात लई चांगला हाय. आर्ट्सला घातलं तर..."

पप्पांनी त्यांचे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नाही सांगत. "सर, तुमच्या सात मार्कांवर लागली ती. आमच्या घरात कोण सायन्सला गेला नव्हता. तुमचे उपकार झाले."

मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. आता बोलतील. नारळ टाकतील. मार्क आणि चित्र वेगळं असतं, असं काहीतरी. सरांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली आणि चहा संपवला. ते तरी काय बोलणार? फळ्यावर सात त्यांनीच काढला होता. आणि पप्पांना नक्कल मीच करून दाखवली होती.

निघताना पप्पांनी त्यांना सुरमई दिली. चांगली मोठी, पिशवीतून शेपटी बाहेर. सर "नको नको" म्हणाले आणि घेऊन गेले.

मैत्रिणीला सायन्स सोडा, कॉमर्सही मिळालं नाही. ती आर्ट्सला गेली आणि तिथे काहीतरी घ्यायचं म्हणून चित्रकला घेतली. एसटी स्टँडवर भेटायची. "काय बोअर आहे गो तो विषय," म्हणायची. मी हसायचे. मला हसता येतं, मी विनोदी आहे. मग सायन्सच्या जर्नलमध्ये झुरळाचं पोट काढायला बसायचे. बाई म्हणायच्या, डायग्राम फार नीट आहे, मार्क वाढवलेत.

आता मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढते. घाबरणाऱ्यांसमोर नकला करते, म्हणून डॉक्टर खूश असतात. पप्पांच्या बोटीचं नाव अजून पेंटरच घालतो. गेल्या वर्षी पप्पा म्हणाले, "तू घाल ना गो, तुझा अक्षर चांगला आहे." मी म्हटलं, सुट्टी नाही. सुट्टी होती.

यंदा जूनमध्ये सरांचा फोन आला. नववीच्या पोरांशी जरा बोल, म्हणाले. का गेले कुणास ठाऊक. वर्गात तीच खुर्ची होती. सर थोडे वाकलेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ही बगा. इंटरमिजिएटला ए ग्रेड. त्याच्या जोरावर सायन्सला लागली, आज लॅबमध्ये हाय!" मग माझ्याकडे वळून, लाडाने, "आणि माझी नक्कल लई भारी करती. करून दाखव की गं."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मला सांगायचं होतं काहीतरी. एसटीत ते मी दोनदा मनात म्हणूनही बघितलं होतं. पण समोर वर्ग असला की माझं तोंड माझं राहत नाही. मी फळ्यावर मोठा सात काढला, कानावर खडू अडकवला आणि म्हटलं,

"सात. मार्क. फुकट. हाईत. घ्या!"

सगळे हसले. सर सगळ्यात जास्त हसले, डोळे पुसत. मग हात वर यायला लागले. खिडकीजवळच्या एका पोरीचाही वर आला. तिच्या नखांत निळा रंग होता.