उताऱ्यावर मतदान

इंग्रजी वाचता येतं की नाही याचीसुद्धा कुणी परीक्षा घेतं, हे मला वयाच्या पंचविशीपर्यंत माहीत नव्हतं. मराठी शाळेत शिकलो असलो तरी वाचता मला येत होतं. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरचा कागद, कंपनीची ड्रॉइंगं, सगळं घडाघडा वाचायचो. त्यामुळे साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "इंग्लंडच्या कारखान्यात वर्षभर ट्रेनिंगला एक माणूस पाठवायचाय, तुझं नाव दिलंय, फक्त त्यांची इंग्रजीची परीक्षा पास हो," तेव्हा मी ऐकण्याच्या भागाला घाबरलो, बोलण्याच्या भागाला घाबरलो, लिहिण्याच्या भागाला तर घामच फुटला. वाचनाच्या भागाचं नाव ऐकून मात्र हसलो. वाचायचं तर काय, त्यात नापास कोण होणार?

हे ऐंशीच्या दशकाच्या मधलं. मी विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होतो आणि मुलुंडला राहत होतो. आमची दुमजली इमारत होती आणि प्रत्येक मजल्यावर लांबच लांब गॅलरी. मी नाही गेलो तर माझ्या शेजारच्या ड्रॉइंग बोर्डावर बसणारा घाटकोपरचा मित्र जाणार, हेही साहेबांनी तिथेच सांगून टाकलं. मित्र कॉन्व्हेंटचा होता. त्याने पासपोर्ट काढून ठेवला होता. मी फक्त स्वेटर कुठे मिळतो याची चौकशी करून ठेवली होती.

परीक्षेचं पुस्तक मी रस्त्यावरच्या रद्दीवाल्याकडून आणलं. आत उतारे होते, उताऱ्याखाली प्रश्न होते, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते आणि शेवटची उत्तरांची पानं गायब होती. कुणाच्या तरी भेळेखाली गेली असणार. मी म्हटलं, हरकत नाही. प्रश्न आहेत म्हणजे उत्तरं निघतीलच.

आता आमच्या घरची अभ्यासाची पद्धत सांगायला हवी. आमची आई मालवणकडची. ती चौथी शिकलेली. मुलगा अभ्यास करतो की नाही हे तिला स्वयंपाकघरात बसून एकाच गोष्टीवरून कळायचं, ती म्हणजे आवाज. पहिलीपासून मी सगळं मोठ्याने वाचत आलो. भूगोल मोठ्याने, भूमितीचे सिद्धांत मोठ्याने, इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्याचं उष्णतेचं शास्त्रसुद्धा मोठ्याने. आवाज थांबला की आतून हाक यायची, "काय रे, निजलंस काय?" मग मी दचकून जिथून आठवेल तिथून परत सुरू व्हायचो. आवाज आला की तिच्या फोडणीला जोर चढायचा.

तेव्हा हे इंग्रजी उतारेही मी संध्याकाळी गॅलरीत स्टूल टाकून मोठ्याने वाचायला लागलो. गॅलरीत, कारण घरात उकडायचं. आवाज पोथीचा, कारण मोठ्याने वाचायचा मला तेवढा एकच सूर येत होता. ओळीच्या शेवटी हेल, परिच्छेदाच्या शेवटी थोडा विराम.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या काकू भाजी निवडायचं ताट घेऊन येऊन बसल्या. म्हणाल्या, "काय वाचतोयस रे? जरा मराठीत सांग ना."

उतारा बीव्हर नावाच्या प्राण्याचा होता. मी सांगितलं, "काकू, उंदराच्या जातीचा प्राणी आहे. पण मोठा. झाडं कुरतडून पाडतो आणि नदीवर धरण बांधतो."

"धरण?"

"धरण."

"आणि आमच्याकडे नळाला पाणी नाही," काकू म्हणाल्या आणि ताट घेऊन आणखी जवळ सरकल्या.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे काका उतरून आले. नागपूरकडचे, टपाल खात्यात नोकरीला, आवाज सभेत बोलायचा. मग त्यांची बायको आली, मग कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी. मी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचो, मग मराठीत अर्थ सांगायचो, मग थोडं माझ्या पदरचं घालायचो. बीव्हरला मी दोन पिल्लं दिली. पुस्तकात ती नव्हती, पण आजी विचारत होत्या. एक उतारा संपायला चार-चार संध्याकाळी लागायला लागल्या.

आणि मग प्रश्न. बीव्हर धरण कशासाठी बांधतो? पर्याय चार. उत्तरांची पानं नाहीत.

"पोरांसाठी," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कशासाठी बांधेल? आपण ब्लॉक कशासाठी बुक करतो?"

"काहून?" काका म्हणाले. "त्याले सवय असंल. खात्यात पण लोक सवयीनंच काम करतेत."

"सवयीने कुणी झाडं पाडतं का?"

वाद वाढला. शेवटी काका उभे राहिले. "लोकशाही आहे ना बाप्पा? हात वर करा." हात वर झाले. पोरांच्या बाजूने बहुमत आलं. मी पेन्सिलने 'क' वर खूण केली. 'क' मध्ये नेमकं पोरांबद्दलच लिहिलं होतं असं नाही, पण त्यातल्या त्यात तेच जवळचं होतं.

अशी आम्ही सगळ्या पुस्तकाची उत्तरं काढली. हिमनदी का सरकते, मधमाशा का नाचतात, अमक्या शास्त्रज्ञाविषयी लेखकाची भूमिका काय. या शेवटच्या प्रश्नाला काकूंनी पर्यायसुद्धा वाचू दिले नाहीत. "लेखकाला काय जातंय बोलायला? 'तिरस्कार' लिही." परीक्षेच्या दिवसापर्यंत माझी तयारी इतकी झाली होती की निघताना सगळ्या मजल्याने मला दही-साखर दिली. एकाच सकाळी चार घरांची दही-साखर खाऊन मी परीक्षेला गेलो.

परीक्षा फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत होती. थंडगार हॉल, जाड पडदे, आणि शांतता अशी की शेजारच्याचं पेन्सिलीला टोक करणंही ऐकू यावं. पेपर हातात आला. मी उतारा समोर धरला आणि माझ्या लक्षात आलं, इथे मोठ्याने वाचता येणार नाही.

मी मनात वाचायला लागलो. डोळे पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेले, दुसरीवरून तिसरीवर, आणि डोक्यात काहीच शिरलं नाही. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा कोरं. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढा मोठा मजकूर मनात वाचत होतो, आणि मनाला त्याची सवयच नव्हती. मग मी ओठ हलवायला लागलो. मग पुटपुटायला लागलो. मग मला जाणवलं की मी हेल काढतोय.

परीक्षक बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. इंग्रजीत, फार मऊपणाने म्हणाल्या, "तुमची प्रार्थना झाली असेल तर कृपया सुरुवात करा. वेळ चालू आहे."

मी ओठ दाताखाली धरले. उतारा एका गावातल्या घड्याळाबद्दल होता. चौकातलं मोठं घड्याळ कित्येक वर्षं चुकीची वेळ दाखवत होतं आणि दुरुस्तीला गावकऱ्यांचा विरोध होता. विरोध का? चार पर्याय: खर्च, सवय, कंत्राटदारावर अविश्वास, धार्मिक कारण. आता उताऱ्यात खाली काय लिहिलं होतं कुणास ठाऊक, तिथपर्यंत मी पोचलोच नव्हतो. आणि मला गॅलरी ऐकू यायला लागली. काकू म्हणत होत्या, "कंत्राटदार पैसे खाणार, दुसरं काय!" काका म्हणत होते, "हात वर करा." मी कंत्राटदारावर खूण केली आणि समाधानाने पुढे गेलो. पुढच्याही उताऱ्यांचं तसंच झालं. घंटा झाली तेव्हा दोन उतारे कोरेच राहिले होते.

निकाल साहेबांकडे आला. त्यांनी मला बोलावलं आणि चष्मा काढून ठेवला.

"बोलण्यात तुझ्याइतके मार्क कुणाला नाहीत. मुलाखत घेणाऱ्याला तू काय सांगितलंस रे? त्याने लिहिलंय, अतिशय जिवंत."

"बीव्हरचं सांगितलं, सर."

"ऐकण्या-लिहिण्यातही पास आहेस. आणि वाचनात नापास! तुला वाचता येत नाही?"

"वाचता येतं सर. मनात येत नाही."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "परीक्षा दोन महिन्यांनी पुन्हा आहे. त्यात झालं तर ठीक. नाहीतर तो जाईल." बोट काचेतून थेट माझ्या मित्राकडे.

मित्र मला जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये घेऊन बसला. मी सगळं सांगितलं. तो हसून हसून खोकायला लागला.

"तुम्ही मतदान केलंत? उताऱ्यावर? यार, वाट लावलीस तू! अरे, तुझं मत कोण विचारतंय? तुझ्या काकूंचं कोण विचारतंय? उत्तर उताऱ्यातच लिहिलेलं असतं. शोधायचं आणि खूण करायची. आपण विचार करायचाच नाही, त्याचेच मार्क आहेत."

हे मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने तेच पुस्तक आणून दिलं, पण नवं, उत्तरांच्या पानांसकट. मी नापास झालो तर त्याचं विमान होतं, तरी दिलं. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "घे रे. कंत्राटदारामुळे मी इंग्लंडला गेलो असं नको व्हायला."

संध्याकाळी मी गॅलरीत आमची उत्तरं छापील उत्तरांशी ताडून पाहिली. मजला सपशेल आपटला होता. बीव्हर धरण बांधतो ते पाणी खोल राहावं म्हणून, म्हणजे त्याच्या घराचं दार पाण्याखाली राहतं आणि शिकारी जनावर आत येत नाही.

"म्हणजे पोरांसाठीच की!" काकू म्हणाल्या.

काकांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "छापणाऱ्याची चूक असंल," ते म्हणाले.

मी आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, की आजपासून आवाज येणार नाही. ओठसुद्धा हलता कामा नयेत. तिला आधी वाटलं माझा घसा बसलाय. मग तिला वाटलं हा अभ्यास टाळायचा नवा प्रकार आहे. शेवटी तिने विचारलं, "मगे माका कसा कळतला, तू वाचतंस की निजलंस?"

याचं उत्तरही तिने स्वतःच काढलं. दुसऱ्या दिवशी ती सुपात तांदूळ घेऊन माझ्या समोर येऊन बसली. खडे निवडायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचं. डोळे डावीकडून उजवीकडे गेले म्हणजे वाचन चालू. ओठ हलले की ती सुपावर बोटं आपटायची. "ओठ!"

मी ओठ मिटायचो.

"ओठ रे!"

पहिल्या आठवड्यात आमच्या घरी इतके तांदूळ निवडून झाले की काकू त्यांचेही तांदूळ पाठवायला लागल्या. काकूंना मी वेळेचं काम दिलं होतं. त्या गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन दारात बसायच्या आणि गजर झाला की "खाली ठेव पुस्तक!" म्हणून ओरडायच्या. गोष्ट ऐकायला मिळत नसल्याचा राग त्या ओरडण्यात पुरेपूर असायचा. काका जिन्यावरून उतरताना थबकायचे. आमच्या घरात एवढी शांतता त्यांनी कधी पाहिली नव्हती. एकदा त्यांनी हळूच काकूंना विचारलं, "कोनी आजारी हाये का?"

हळूहळू शब्द ओठांना न शिवता आत जायला लागले. आधी एखादी ओळ, मग अख्खा परिच्छेद. एक दिवस मी उतारा संपवून वर पाहिलं तर आई सूप बाजूला ठेवून नुसती बघत बसली होती. "आज एकदापण हलले नाय," ती म्हणाली, आणि जरा नाराजीनेच उठून आत गेली.

दुसऱ्या परीक्षेत मी कुणाचंही ऐकलं नाही. उताऱ्यात जे लिहिलं होतं तेच शोधलं, पटो न पटो. एका उताऱ्यात तर साफ खोटं लिहिलेलं होतं असं माझं आजही मत आहे, पण खूण त्यांच्या बाजूने केली. वाचनात मी पास झालो. साहेबांच्या शब्दांत "काठावरून, पण काठाच्या आतल्या बाजूला." मित्राने बोर्डावरून पाठीत धपाटा घातला आणि त्याचा पासपोर्ट मला उगाचच दाखवून परत खिशात ठेवला. पुढचा नंबर त्याचा, असं साहेबांनी त्याला कबूल केलं होतं.

संध्याकाळी गॅलरीत गर्दी झाली. श्रेय कुणाचं यावर वाद सुरू झाला. काकू म्हणत होत्या गजराचं, काका म्हणत होते पहिल्या परीक्षेत जो पाया घातला गेला त्याचं. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी आत गेलो.

आई माझी पत्र्याची ट्रंक पलंगाखालून ओढून फडक्याने पुसत होती. मी आणलेले पेढे अजून पुड्यातच होते.

"थंय थंडी आसतली मा?" तिने विचारलं.

"असणार."

"वर्सभर?"

"वर्षभर."

तिने ट्रंकेचं झाकण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. कडी बसत नव्हती. मी बसवायला खाली वाकलो.

"तू पास झालंस म्हणजे आता जातलंसच," ती म्हणाली. दोन महिने माझ्या ओठांवर पहारा ठेवणाऱ्या बाईच्या हे बहुधा त्या क्षणी लक्षात आलं असावं.

"जावं लागेलच ना, आई."

"होय तर." तिने फडकं झटकलं. "वाचनात माझा लक्ष होता, म्हणान ता झाला. मुलाखतीत तरी तू वायच कमी पडाक व्हया होतंस."