आतेसासूबाईंचं रविवारचं कोर्ट

आजवर भेटलेल्या माणसांत मला सर्वांत जास्त कुणी दमवलं असेल तर ते माझ्या आतेसासूबाईंनी. अकरा वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून ऑकलंडला आलो तेव्हा विमानतळावर न्यायला त्याच आल्या होत्या. एवढ्या लांबच्या प्रवासाने मी पार चुरगळून गेले होते. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि प्रवास कसा झाला वगैरे काही न विचारता म्हणाल्या, "तुला भांडता येतं का गं?" नव्या सुनेला शोभेल असं मी "नाही" म्हणाले. "हरकत नाही," त्या म्हणाल्या, "शिकता येतं ते." आणि माझी बॅग ओढत चालू लागल्या. तेव्हापासून मी त्यांच्या मागे चालतेच आहे.

आत्या वकील आहेत, आणि जगातल्या प्रत्येक माणसाने वकील व्हावं असं त्यांना मनापासून वाटतं. विशेषतः ज्याला हे सात जन्मांत सुचलं नसतं, त्याने. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घ्यायला गेल्या की काउंटरवरच्या मुलीला विचारतात, बसमधून उतरताना ड्रायव्हरला विचारतात. एकदा दाताच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची दाढ काढायला घेतली होती. तोंडात दोन हत्यारं आणि अर्धा जबडा बधिर, तरी त्या अवस्थेत आत्यांनी तिथल्या मदतनीस मुलीला कायद्याच्या प्रवेशाची मुदत कधी संपते ते सांगितलं. मुलीला काही कळलं नाही म्हणून कागद मागवून लिहून दिलं. माझी लेक सात वर्षांची असताना वैतागून म्हणाली होती, "आत्या, आय जस्ट वॉन्ट टू बी अ व्हेट." आत्या शांतपणे म्हणाल्या, "हो ना. प्राण्यांची बाजू तरी कोण मांडणार?"

हे वेड कुठून आलं ते समजायला त्यांचं मागचं थोडं सांगायला हवं. साताऱ्याच्या कोर्टात त्यांची दहा वर्षं वकिली झाली होती. चाळिशीच्या तोंडावर काकांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, नोकरीमुळे इथे आल्या, आणि इथे साताऱ्याची सनद चालत नव्हती. पुन्हा परीक्षा द्यायच्या होत्या. दिवसा पेनरोजच्या एका गोदामात खोकी भरायची आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच खोक्यांवर पुस्तक ठेवून वाचायचं, असं त्यांनी केलं. पास झाल्या, पण ठेवून घेणारं ऑफिस मिळेना. सगळे 'तुमचा अनुभव फार प्रभावी आहे' असं लिहायचे आणि खाली नकार. शेवटी एका म्हाताऱ्या वकिलाला त्यांचा आवाज आवडला आणि त्याने ठेवून घेतलं. इथे सनद घेणारा प्रत्येक जण कागदावर बॅरिस्टरच असतो, पण कुठल्या फर्मचा आधार न घेता, केवळ कोर्टात उभं राहून बाजू मांडणारे वेगळे. आत्यांना ते व्हायचं होतं, आणि पन्नाशी उलटल्यावर त्या झाल्या. तरी पुढे कित्येक वर्षं कोर्टातला शिपाई त्यांना बघून "दुभाषी का? तिकडे बसा" म्हणायचा. आत्या सांगतात, "एकदा मी खरंच जाऊन बसले गं. पाय दुखत होते. न्यायाधीश आले आणि आरोपीचे वकील कुठे आहेत म्हणून सगळे मलाच शोधायला लागले."

कोर्टात त्या चाकांची भाजीची पिशवी घेऊन जातात. फायलींना तीच बरी पडते म्हणे. मात्र शनिवारच्या बाजारालाही तीच पिशवी असते, त्यामुळे एकदा पुराव्याच्या कागदांतून मेथीची काडी न्यायाधीशांच्या टेबलावर गेली. त्यांनी ती दोन बोटांत धरून हा पुरावा कितव्या क्रमांकाचा, असं विचारलं. आत्या म्हणाल्या, "महाराज, ते आमचं जेवण आहे."

आणि मग रविवार. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. कायद्याचं मला ओ की ठो कळत नाही. तरीही गेली नऊ वर्षं दर रविवारी दुपारी दोन ते चार, आमच्या भागातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी हायकोर्टाची न्यायाधीश असते. ज्यांच्या घरात कुणी वकील नाही, ज्यांनी कोर्ट पाहिलंच असेल तर चुकीच्या बाजूने, अशा मुलामुलींना आत्या तिथे उभं राहून बोलायला शिकवतात. कुणी फिजीचे, कुणी सामोआचे, कुणी माओरी, कुणी आपल्याकडची शिकायला आलेली मुलं. मी समोर बसून कपाळाला आठ्या घालायच्या आणि दर दोन मिनिटांनी मध्ये तोंड घालायचं, एवढंच माझं काम. "तू फार समजुतीने ऐकतेस," आत्या मला झापतात. "खरे न्यायाधीश असे नसतात. जरा घड्याळाकडे बघ, कंटाळल्यासारखं कर." नऊ वर्षांनी आता कंटाळल्यासारखं करावं लागत नाही.

तिथेच सेला आली. टोंगन मुलगी, ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या मांगेरेची. आई ऑफिसं झाडायची-पुसायची कामं करायची आणि सेला स्वतः गोदामातल्या पाळ्या करून कायदा शिकत होती. अंगाने उंच, खांदे रुंद, आणि आवाज मात्र इतका बारीक की मी पहिल्या दिवशी तीनदा "मोठ्याने बोला" म्हणाले, आणि ते नाटक नव्हतं. आत्यांनी तिला वाचनालयाबाहेरच्या गाडीतळाच्या एका टोकाला उभं केलं, आपण दुसऱ्या टोकाला गेल्या, आणि मध्ये वाहतं वारं असताना तिच्याकडून आख्खं निवेदन म्हणवून घेतलं. लोक गाड्या थांबवून बघत होते. सहा महिन्यांनी सेलाचं बोलणं त्या टोकाला पोचायला लागलं.

सेला पास झाली. इथे नव्या वकिलाला हायकोर्टात दाखल करताना एका जुन्या वकिलाने शेजारी उभं राहून तशी विनंती करावी लागते. बहुतेकांचे वडील, काका, वडिलांचे मित्र उभे राहतात. ज्यांचं कुणी नसतं त्यांच्यासाठी आत्या. त्या दिवशी त्या चौघांसाठी उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. चौथ्या वेळी त्या गुडघा धरून उठल्या तेव्हा न्यायाधीश हसून म्हणाले, "आज तुमच्या घरचं कार्य दिसतंय." सेलाची आई मागे तीन रांगा भरून माणसं घेऊन आली होती. फुलांच्या माळांनी सेलाचा चेहरा दिसत नव्हता. आत्यांच्याही गळ्यात चार माळा पडल्या आणि परतताना माझ्या गाडीत बसून त्या शिंकत राहिल्या.

मग आत्यांच्या वेळी झालं तेच पुन्हा सुरू झालं. सेलाने किती ठिकाणी अर्ज केले ते मी मोजायचं सोडून दिलं. सगळ्यांना ती फार आवडायची आणि कुणी घ्यायचं नाही. त्या सुमारास आत्या काम थांबवायच्या विचारात होत्या. गुडघे गेले होते, कानांना कमी ऐकू यायला लागलं होतं. एक दिवस फोन करून म्हणाल्या, "मी सेलाला माझी ज्युनियर म्हणून घेतलंय. आता आणखी दोन वर्षं तरी ओढायला हवीत."

त्यांचा एक खटला मला पाहता आला. एका सफाईचं काम करणाऱ्या बाईवर ऑफिसातला लॅपटॉप चोरल्याचा आरोप होता. सिद्ध झाला असता तर तिला पुन्हा कुणी किल्ल्या दिल्या नसत्या. आम्ही पोचलो तेव्हा दारावरच्या माणसाने सेलाला थांबवून विचारलं, "तुमची तारीख आज आहे का?" सेला म्हणाली, "मी वकील आहे." तो ओशाळला, सॉरी म्हणाला. सेला "ऑल गुड" म्हणून आत गेली. ते 'ऑल गुड' तिने किती वेळा म्हटलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सफाईवाल्यांचा मुकादम सरकारी पक्षाचा साक्षीदार होता. त्याची उलटतपासणी आत्यांनी परवानगी मागून सेलाला दिली. सेला उठली. आणि काही बोललीच नाही. कागदाकडे बघत राहिली. न्यायाधीशांनी आत्यांकडे पाहिलं, सरकारी वकिलाने पाहिलं, मी तर खुर्चीच्या कडेला आले होते. आत्या हलल्या नाहीत. हात मांडीवर, नजर समोर. मला त्यांचा राग आला. पुढे होऊन सावरून घ्यायला काय जात होतं?

मग सेलाने कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "तिला लॅपटॉप उचलताना तुम्ही स्वतः पाहिलंत, की तुम्हाला कुणी सांगितलं?"

मुकादम म्हणाला, "सांगितलं."

"कुणी?"

त्याला आठवेना. पुढचं सगळं सोपं झालं. बाई सुटली. बाहेर येऊन ती सेलाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि सेला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आत्या पिशवी ओढत पुढे गेल्या होत्या. त्यांना म्हणे पार्किंगची काळजी होती.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी सेला आत्यांच्या घरी आली. मी चहा करत होते. ती म्हणाली, वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात धोरणाच्या कामाची जागा मिळाली आहे. "आत्या, मला काम जमतं," ती म्हणाली. "पण रोज दारात सांगावं लागतं मी कोण ते. आत गेल्यावर पुन्हा सांगावं लागतं. मी दमले."

आत्यांनी वाद घातला नाही. जिने दाढ काढून घेतानाही हार मानली नाही ती बाई नुसती "बरं" म्हणाली आणि पोह्यांची बशी तिच्याकडे सरकवली. सेला गेल्यावर आत्या बराच वेळ टेबल पुसत राहिल्या. "आत आणायचं एवढंच बघितलं गं मी," त्या म्हणाल्या. "आत टिकायचं कसं, ते मलाही कुणी शिकवलं नव्हतं. मी नुसती हट्टी होते."

परवा आम्ही दोघी वेलिंग्टनला गेलो होतो. सेला जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर भेटायला आली. तब्येत भरली होती, चेहरा निवांत होता. कोर्टाच्या दारात कोण दुभाषी आणि कोण वकील हे कसं ओळखावं, यावर तिच्या खात्यात काही काम चाललं आहे, त्यातलं थोडं तिने सांगितलं. आत्यांनी सगळं ऐकलं, निदान ऐकल्यासारखं केलं, आणि एकच विचारलं, "आता झोप लागते का?"

"हो, हीप्स," सेला म्हणाली, म्हणजे भरपूर.

ती ऑफिसला परतली. आम्ही बाकावर बसलो. वारा असा की आत्यांनी शाल दोन्ही हातांनी धरली होती. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ती गप्प उभी राहिली ना, तेव्हा माझे पाय थरथरत होते. उठले असते तर पडले असते. आणि मग तिने तो प्रश्न विचारला. उभ्या आयुष्यात माझ्याकडून इतका चांगला प्रश्न विचारला गेला नाही."

"हे तिला सांगितलंत कधी?" मी विचारलं.

"नाही गं. पार्किंगचं बघायचं होतं."

मी म्हटलं, अजून लांब गेली नसेल, फोन लावू का? त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते मला कळलं नाही. पाण्यापलीकडे एक फेरी बोट हळूहळू निघाली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बघत बसलो.