एक पाट, दोन भाऊ आणि चुन्याची गुहा

माझ्या दोन्ही भावांनी एकमेकांचा जीव घ्यायचा पहिला प्रयत्न केला बोरीच्या शिवारात आणि दुसरा थायलंडच्या समुद्रात. खरं सांगायचं तर दुसरा जास्त देखणा झाला. पहिल्याच्या मागे नुसती तूर होती.

पहिला आधी सांगते, म्हणजे दुसऱ्याची गंमत कळेल. बोरीला दोघांची शेतं शेजारी, मध्ये बांध. थोरल्याचं म्हणणं, धाकटा नांगरताना दरवर्षी बांध कोरतो. धाकट्याचं म्हणणं, बांध आहे तिथंच आहे, थोरल्याची नजर सरकली आहे. एका सकाळी थोरला ट्रॅक्टरसमोर आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "सर!" आमच्याकडे 'सर' म्हणजे बाजूला हो. धाकटा खाली उतरला, त्याच्या छातीला छाती लावून म्हणाला, "तू सर." एवढंच बोलणं. मग कुऱ्हाडीचा दांडा निघाला. धाकट्याने थोरल्याच्या कानाचा लचका तोडला, थोरल्याने धाकट्याचे पुढचे दात पाडले, आणि गावाने दोघांना बैलांसारखे दोर लावून वेगळं केलं. थोरल्याचा कान अजून उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखा दिसतो. धाकट्याने दात बसवून घेतले, पण रंग जुळला नाही. तो हसला की सगळ्यांना भांडण आठवतं.

मी मधली, परभणीत राहते. त्या दिवसापासून माझी भाऊबीज दोन खेपांत. सकाळी एक, दुपारी दुसरा, आणि मधल्या वेळात मी पाट धुऊन वाळवायचा, कारण धाकट्याची ऊब लागलेला पाट थोरल्याला चालत नाही. गेल्या दिवाळीत माझं डोकं फिरलं. दोघांना फोन लावून सांगितलं, "पुढच्या वर्षी एका पाटावर बसलात तर ओवाळीन. न्हाई तर मला भाऊच न्हाईत असं समजंन." बोलून बसले. आता ते खरं करणं आलं, आणि भाऊ तर मला दोन्ही हवे होते.

त्यातच ओळखीच्या ट्रॅव्हलवाल्याने थायलंडची सहल काढली. मी थोरल्याला म्हणाले, धाकटा येत नाही. धाकट्याला म्हणाले, थोरला येत नाही. परभणी स्टेशनवर दोघांनी एकमेकांना पाहिलं, दोघांनी परत फिरायला एकदमच बॅगा उचलल्या, आणि मी फलाटावर बसकण मारून असा गळा काढला की पोलीस धावत आले. पोलिसांसमोर माझे भाऊ फार गुणी असतात. मुकाट गाडीत चढले. त्यानंतर विमानात, हॉटेलात, नाश्त्याला, सगळीकडे माझ्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. मी तो जुना बांधच झाले होते.

सहलीतलं मोठं आकर्षण म्हणजे समुद्रातली गुहा. हिरव्या पाण्यातून डोंगर असे सरळ वर आलेले की समुद्राला खालून कोणी भोसकलं असावं. आणि समुद्रही त्यांना सोडत नव्हता. लाट यायची, डोंगराच्या पायाला थोबाडीत मारायची, मागे जायची, पुन्हा दम घेऊन यायची. गाइडने हिंदीत सांगितलं की हा सगळा दगड चुन्याचा, आणि गुहा याच पाण्याने फोडून काढलेली आहे. थोरला खिशातली तंबाखूची पुडी चाचपत म्हणाला, "येवढा चुना? मालकाला म्हणावं, आमाला एक डबी भरून दे."

धाकट्याला हसू आलं. ते त्याने समुद्रात थुंकून टाकलं.

मोठ्या बोटीतून रबरी होडीत उतरायचं होतं. पुढे मी, मग थोरला, त्याच्यामागे धाकटा, शेवटी वल्हेवाला. ही मांडणी माझी. वल्हेवाला हडकुळा, हसरा माणूस. त्याने खुणांनी समजावलं की गुहेचं तोंड बुटकं आहे, भरती चढते आहे, आत शिरताना सगळ्यांनी मागे आडवं व्हायचं. म्हणजे मी थोरल्याच्या मांडीवर आणि थोरला धाकट्याच्या.

"ह्याच्या मांडीवर मी डोकं ठिवू?" थोरला म्हणाला. "त्यापरीस मला जाळा."

"काडी माह्याकडं हाय," धाकटा म्हणाला.

कैक वर्षांनी दोघांचं हे पहिलं संभाषण. मला भरून आलं.

गुहेचं तोंड समोर आलं तेव्हा मात्र माझी गंमत संपली. लाट आत घुसायची, आत कुठंतरी तोफेसारखी फुटायची आणि फेस ओकत बाहेर यायची. छताला शिंपले चिकटलेले, उलट्या टांगलेल्या करवतीसारखे. मी आडवी झाले. उजेड गेला. वटवाघळांचा उग्र वास आला. लाटेने होडी खालून उचलली, छत झपकन जवळ आलं, आणि थोरला अजून ताठ बसलेला. वल्हेवाला घाबरून ओरडला, "सर! सर! सर!"

त्या बिचाऱ्याला म्हणायचं होतं, साहेब, आडवे व्हा. पण माझ्या भावांना जन्मात कोणी साहेब म्हटलेलं नाही. शिवाय गुहेने तो शब्द चारी बाजूंनी परत फेकला. थोरल्याला वाटलं, धाकटा म्हणाला. धाकट्याला वाटलं, थोरला.

"बांध कोरणारा तू, अन् मी सरू?"

"तूच सर! कामून सरू मी?"

पुढचं मला आवाजावरून कळलं. ठोसा. दुसरा ठोसा. कापड फाटलं. मग लाट आली आणि थोरल्याचं टाळकं शिंपल्यांवरून खरवडत गेलं. गरम रक्त माझ्या कपाळावर पडलं. थोरल्याला वाटलं, हेही धाकट्यानेच केलं. त्याने वळून त्याचा गळा धरला. मागून वल्हेवाल्याने दोघांच्या पाठीत वल्हं घालायला सुरुवात केली. प्रत्येक फटक्याला "सर!" आणि दर "सर"ला हे दोघे आणखी चवताळलेले. होडी डावीकडे कलली. दोघेही डावीकडेच कोसळले. माणूस पाण्यात पडल्याचा आवाज झाला.

वल्हेवाल्याने टॉर्च लावला. थोरला होडीत होता. त्याच्या मुठीत धाकट्याचं केशरी लाइफ जॅकेट होतं. पोट आवळतं म्हणून धाकट्याने त्याचे पट्टे लावलेच नव्हते.

आमच्या घरात कोणाला पोहता येत नाही.

धाकट्याचं तोंड पाण्याबाहेर आलं. लाटेने त्याला वर उचलून छतावर आपटलं आणि खाली ओढलं. पुन्हा वर आणलं, पुन्हा आपटलं. धोबी कपडे आपटतो तसं, पण धोबी दमतो. मी किंचाळत होते. माझा आवाज गुहा मलाच परत करत होती. आणि मग मी पाहिलं, की एवढा वेळ कोणापुढे मान न वाकवणारा थोरला होडीत पालथा पडला आहे आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून चाचपतो आहे. मी त्याच्या पायांवर बसले. त्याच्या हाती आधी केस लागले, ते निसटले. मग कान लागला. बरोबर कानच.

त्याने धाकट्याला कानाला धरून वर काढलं. ओढता ओढता दुसऱ्या हाताने थोबाडीत मारत होता आणि ओरडत होता, "मरायचं तर बोरीत मर की, भाड्या! गावाला काय सांगू मी? समुद्रानं मारला म्हणू?"

धाकटा पाणी ओकला आणि म्हणाला, "कान सोड."

"न्हाई सोडत."

वल्हेवाल्याने आम्हाला पलीकडे काढलं. गुहेच्या पोटात उघडं आभाळ होतं. चारी बाजूंनी उंच कडे, त्यांवर झाडं, मध्ये आरशासारखं पाणी. लोक एवढ्या लांबून हेच बघायला येतात. थोरल्याला घेरी आली होती, त्यामुळे त्याचं रक्ताळलेलं डोकं धाकट्याच्या मांडीवर होतं. धाकटा आपला शर्ट त्यावर दाबून बसला होता. त्याचा स्वतःचा कान टोमॅटोसारखा सुजला होता. मला फोटो काढायची फार इच्छा झाली, पण मोबाइल समुद्रात गेला होता.

"दादा, लय लागलं का?"

"दाब. बोलू नको."

वल्हेवाल्याने काळजीने पुढे वाकून विचारलं, "सर? ओके?"

दोघेही दचकून सरले.

बांध आहे तिथंच आहे, आणि तहसीलमधला वादही. यंदा भाऊबीजेला दोघं वेगवेगळ्या एसटीने आले. थोरल्याच्या टाळूवर टाक्यांची वाट, तिथं आता केस उगवत नाहीत. आला तो थेट पाटाच्या मधोमध बसला. धाकटा येऊन समोर उभा राहिला. मी दिवा लावून तबक धरलं होतं.

"सर," धाकटा म्हणाला.

थोरल्याची मूठ वळली. मी तबक डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने ओट्यावरचं लाटणं उचललं.

"आसं न्हाई," थोरला हळूच म्हणाला. "त्या वल्हेवाल्यावाणी म्हण."

धाकटा बघतच राहिला. मग त्याने कमरेत वाकून, हात जोडून, त्या हडकुळ्या माणसाच्या पातळ आवाजात म्हटलं, "सर! सर! सर!"

थोरला सरला. धाकटा त्याच्या शेजारी टेकला. पाट लहान पडत होता, आणि दोघांची कोपरं एकमेकांच्या बरगड्यांत शिरायला लागली होती. मी घाईघाईने ओवाळून घेतलं.