एक चूल, एक कुटुंब

आमच्या ऑफिसात जेवढे फॉर्म साठायचे ना, तेवढेच किस्सेही साठायचे. फॉर्म केव्हाच रद्दीत गेले, किस्से मात्र अजून माझ्याकडेच आहेत!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. घरोघरी जाऊन माहिती गोळा करणारं आमचं सर्वेचं छोटंसं ऑफिस नाशकात होतं. भालेराव साहेब, शिपाई रंगनाथ, मी आणि आणखी चौघं. त्यातला खैरनार सटाण्याकडचा, टेम्पररी. त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी बजावलं होतं, "आधी पर्मनंट, मग हळद!" आणि पर्मनंटची शिफारस साहेबांच्या हातात होती.

*

साहेबांना शिकवायची भारी हौस. 'मध्यक' म्हणजे काय हे समजवायला त्यांनी एकदा सगळ्यांना व्हरांड्यात उंचीप्रमाणे उभं केलं. साहेब स्वतः सगळ्यांत बुटके, म्हणून पार टोकाला.

"दोन्हीकडून मोजत या. मधोमध सापडेल तो मध्यक!"

सापडला रंगनाथ. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहा मागवला, तर हा म्हणतो कसा, "साहेब, मी आता मध्यक. चहाचं टोकाच्या माणसांनी बघावं!" साहेब हसत हसत स्वतःच टपरीवर गेले.

*

देवळ्याला खैरनार गेला. नियम असा, की दर दहावं घर घ्यायचं, आपल्या मर्जीने बदलायचं नाही. फॉर्मात पाळीव प्राण्यांचा रकाना होता. गठ्ठा आला, मी बेरीज केली. गाई, म्हशी, शेळ्या भरपूर, कुत्र्यांपुढे शून्य!

"खैरनार, अख्ख्या देवळ्यात एक कुत्रं नाही?" साहेबांनी विचारलं.

घाबरला की त्याची अहिराणी बाहेर यायची. "शे ना साहेब! पण जिथं कुत्रं शे, तिथं मी गेलोच नाही!"

पठ्ठ्या सरळ शेजारच्या घरात शिरायचा! साहेबांनी त्याला परत पाठवलं आणि सुनावलं, "आणखी एक नियम मोडलास, तर शिफारस विसर." बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटत होतं, पण हसूही आवरत नव्हतं.

*

सातपूरला मी गेले. रात्रपाळी करून आलेला कामगार, शेजारी त्याची बायको उभी. प्रश्न होता, "तुम्ही आयुष्यात समाधानी आहात का?"

"सांगता येत नाही," तो म्हणाला. मी तशी खूण केली. बायको चहा ठेवायला आत गेली, तसा तो पुढे झुकून कुजबुजला, "ताई, ते खोडा. लय समाधानी हाये! पण तिच्यासमोर बोललो की ती लगेच शिलाई मशीन मागते!"

*

आता सायखेड्याचं. निघण्याआधी साहेबांनी खैरनारकडून व्याख्या घोकून घेतली होती. "एक चूल, एक कुटुंब! चुली दोन तर फॉर्म दोन. आणि एक माणूस एकाच फॉर्मात!"

याच्या वाट्याला आलेल्या घरात दोन भाऊ, मध्ये नवी भिंत, दोन चुली. याने दोन फॉर्म काढले. पण म्हातारी आई कुठल्या फॉर्मात?

"माझ्याकडं लिवा," थोरला म्हणाला.

"वा! आन माझ्याकडं जेवती ते?" धाकटा उसळला.

खैरनारने आईलाच विचारलं, "आजी, तुम्ही कोणत्या चुलीवर जेवता?"

"जेवायचं सोड पोरा. सकाळी दोन्ही चुली मीच पेटवते. भिंत घातली तवाच सांगितलं दोघांना, भिंत घाला, पन काडेपेटी माझ्याकडंच ऱ्हाईल!" आणि तिने कनवटीची काडेपेटी काढून दाखवली.

खैरनारने एक फॉर्म फाडला. उरलेल्या एकाच फॉर्मात दोन्ही भाऊ, सुना, पोरं, सगळे आजीच्या नावाखाली लिहिले. उघड उघड नियम मोडला!

तो फॉर्म साहेबांच्या टेबलावर गेला, तेव्हा खैरनारने हळदीची आशा सोडली होती. साहेबांनी शेऱ्याचा रकाना वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग सही केली आणि म्हणाले, "रंगनाथ, शिफारशीचा कागद आण."

साहेब जेवायला गेल्यावर मी हळूच फॉर्म उघडला. शेऱ्यात एकच ओळ होती.

"चुली दोन, काडेपेटी एक."