भोपाळला राहिलेली फाईल

राज्य नवं झालं तेव्हा रायपूरला राजधानीचा मान मिळाला आणि आमच्या ऑफिसला एक सोयीचं वाक्य. कागद सापडत नसला की म्हणायचं, "वो तो भोपाल में ही रह गया." समोरचा माणूस मुकाट्यानं उठून जायचा. मला मात्र त्या वाक्याचा संताप यायचा, कारण परदेशी मालावर शुल्क लावणाऱ्या त्या ऑफिसची रेकॉर्ड रूम माझ्या ताब्यात होती.

भोपाळहून फायली ट्रकमधून आणल्या त्या आमच्या दफ्तरींनी. फायलींचे गठ्ठे बांधायचं-उचलायचं काम त्यांचं; मूळचे भंडाऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले. ताडपत्रीखाली गठ्ठ्यांवरच बसून आले. इथे कपाटंसुद्धा आली नव्हती, मग एकेक फाईल तपासून कोण घेणार? गठ्ठे मोजले, त्यांची सही घेतली, संपलं.

रायपूरबाहेर उरला म्हणून कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका रोलिंग मिलनं परदेशातून यंत्र आणलं होतं, सवलतीच्या शुल्कात. अट एकच होती, यंत्र स्वतःच्या कारखान्यात बसवायचं, विकायचं नाही. तसं हमीपत्र फायलीत होतं. यंत्र परस्पर विकल्याची तक्रार आली आणि साहेबांनी ती फाईल केबिनमध्ये मागवून घेतली. साहेबांकडून पोच घ्यायची आमच्याकडे रीतच नव्हती. काही दिवसांनी मला बोलावून म्हणाले, "लिखकर दीजिए मैडम, वो फाइल ट्रक में आई ही नहीं."

म्हणजे सही दफ्तरींची, गुन्हाही दफ्तरींचा. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "नहीं लिखूंगी." पुढचं काही ऐकायला थांबले नाही.

बाहेर दफ्तरी उभे होते. त्यांना बातमी आधीच लागली होती. "बाई, मी एकबी गठ्ठा तिथं सोडला नाही जी. नोकरीच्या शेवटी मले चोर बनवून राहिले." पेन्शनचं त्यांनी नावही काढलं नाही, चोर या शब्दावरच ते अडून राहिले होते.

घरी, रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात, नवऱ्यानं हात जोडले. "तुले काय करायचं आहे? दे न लिहून. बदली करतील."

"करू दे," मी म्हटलं आणि पोळ्या लाटत राहिले. त्या रात्री पोळ्या जरा जाडच झाल्या.

मग मुख्यालयातून चौकशीला एक अधिकारी आले. साहेबांनी त्यांच्यासमोर फाईलच ठेवली. म्हणे भोपाळहून शोधून मागवली, इकडे कधी आलीच नव्हती, आणि आतलं हमीपत्र वाटेत किंवा तिथेच गहाळ झालं. दफ्तरी भिंतीला टेकून खाली बघत होते. मी फाईल हातात घेतली आणि कोपऱ्याकडे पाहून मला हसूच आलं.

आमच्या घरी खंडेनवमीला पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा होते. माझं हत्यार म्हणजे फायली. म्हणून ट्रक आला त्या वर्षी मी नव्या घरात आलेल्या सुनेसारखं प्रत्येक फायलीला उजव्या कोपऱ्यात ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं होतं. सगळं ऑफिस हसलं होतं मला. साहेबही त्यांच्यातच होते, पण हसणाऱ्यांनी कोपरे कुठे बघितले होते?

"सर, ये भोपाल में थी, तो ये कुमकुम किसने लगाया?" मी विचारलं.

"भोपाल में भी मराठी लोग हैं," साहेब घाईनं म्हणाले.

"हैं ना. आप मेरी अलमारी देख लीजिए."

अधिकारी स्वतः उठले. त्यांनी एक फाईल काढली, दुसरी काढली, मधल्या खणातली काढली. सगळ्यांच्या उजव्या कोपऱ्यात तेच पिवळं-लाल बोट. साहेबांनी पाणी मागितलं. ते आणायला दफ्तरी जागचे हलले नाहीत.

दफ्तरींच्या नावावरचा ठपका निघाला. हमीपत्र काही सापडलं नाही. साहेबांची चौकशी सुरू राहिली आणि तेही खुर्चीत राहिले. सरकार आहे ते. मला उरल्याच्या धुळीत पाठवलं आणि वर सरकारी अभिलेखांवर धार्मिक खुणा केल्याबद्दल लेखी समज दिली. मी त्यावर सही केली, खाली 'मान्य नाही' असं लिहून.

दफ्तरींच्या निरोपाला मी रजा टाकून गेले. साहेब शाल घेऊन पुढे झाले. दफ्तरींनी मान वाकवली नाही.

"साहब, पहले सबके सामने बोलिए. ट्रक से सब आया था कि नहीं?"

शाल हातात धरून साहेब उभेच. दफ्तरींना घाई नव्हती.

"आया था," साहेब म्हणाले.

"जोर से, साहब."

"सब आया था."

तेव्हा कुठे दफ्तरींनी मान वाकवली.