कठड्यावर अडलेलं पाणी

शालिग्राम धमतरीच्या छोट्या रेल्वे लाईनवर बत्तीस वर्षं फिटर होता. वाफेच्या इंजिनांनी त्याचे दोन्ही कान निम्मे करून टाकले. तेव्हापासून नळीत काय चाललंय हे तो तळहाताने ओळखायचा. निवृत्तीनंतर अभनपूरला खोली घेऊन एकटाच राहिला. कुणाची मोटर बिघडली, कुणाचा हातपंप रुसला, की पिशवीत पाने टाकून हा निघाला.

धाकटी बहीण विमला मात्र त्याला कधी कामाला बोलवायची नाही. सत्तरीचा माणूस, शिडीवर चढेल, पडेल. तिला धास्ती वाटायला एवढंही कारण लागत नसे.

रायपूर राजधानी होऊन चार वर्षं झाली होती. चौबे कॉलनीत गच्च्यांवर पाणी तापवायचे सोलर दिसू लागले होते, तसा विमलानेही बसवला. त्यामागे कारण होतं. आदल्या हिवाळ्यात गॅसवरून उकळतं पातेलं न्हाणीघरात नेताना तिचा पाय घसरला आणि उजवं पाऊल सोलून निघालं. आता मुलगी पूर्णिमा दवाखान्यात होती. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच आलेलं, मूठभर जीव. गुरुवारी दोघी घरी येणार होत्या. ‘त्या पातेल्याच्या वाटेत माझं बाळ यायचं नाही,’ एवढंच विमलाने मनाशी धरलं होतं.

आणि नेमका गरम पाण्याचा नळ अडला. दोन दिवस छान पाणी आलं, मग गुळगुळ, मग फुस्स. प्लंबर भैय्यालाल म्हणाला, “प्रेशर नहीं है दीदी, पंप लगाना पड़ेगा.” दुकानदाराने एक हॉर्सपॉवरचा दिला. तो सुरू केला की नळ दोन मिनिटं फुरफुरायचा, थुंकायचा आणि कोरडा पडायचा. वर सोलरच्या टाकीत मात्र हात भाजेल असं पाणी.

सोमवारी तिने भावाला फोन केला. मंगळवारी सकाळच्या गाडीने तो आला आणि चहा न घेताच शिडीला लागला.

“दादा, हळू! भैय्यालाल चढते ना!”

“मले काय झालं? इंजिनावर चढलो मी, शिडीचं काय घेऊन बसली!”

त्याने पंप बंद करवला. सोलरच्या टाकीपासून नळीवर तळहात ठेवत निघाला. नळी गच्चीवर उतरत होती, मग कठड्यावर चढून पलीकडे बाहेरच्या भिंतीने खाली जात होती. कठड्यापर्यंत गरम. पलीकडे गार.

“इथं अडलं,” तो म्हणाला. मग गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीतून सोलरला थंड पाणी देणारी नळी सोडवून खाली बादली लावली आणि हातातलं घड्याळ पाहत बसला. बादली भरायला दोन मिनिटं लागली. तीच बादली पंपाने अर्ध्या मिनिटात ओढली असती.

“देणारा चमच्यानं देऊन राहिला अन् पिणारा बादलीनं पिऊन राहिला. मंग सोलरच्या टाकीच्या हवेच्या नळीतून वारा ओढल्या जाते. भैय्यालाल, पंप मोठा आणून तू रोग वाढवला.”

“काकाजी, दुकानवाले ने बोला था...”

“दुकानवाला पंप विकते, पाणी नाही. बरं, नळी कठड्याच्या मुंडेरीवरून काहून नेली? सरळ खाली काहून नाही सोडली?”

भैय्यालाल विमलाकडे पाहू लागला. विमलाने मान खाली घातली. सरळ खाली देवघर होतं. न्हाणीघराचं पाणी देवाच्या डोक्यावरून जाणार नाही, असं तिनेच ठणकावलं होतं. आता दादा भिंत फोडायला सांगणार, काम दोन दिवस चालणार, आणि गुरुवार तर परवावर. देवाला राखावं की बाळाला, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

“दादा, माह्यंच चुकलं. फोड भिंत.”

“कोणाची भिंत? देव राहू दे तिथंच. गरम पाण्यातून हवा सुटते, नळीच्या या कुबडावर जाऊन बसते अन् पाण्याले वाट देत नाही. तिले बाहेर जायले रस्ता पाहिजे, बस.”

कठड्यावरच्या सर्वांत उंच जागी त्याने नळी कापून तीन तोंडांचा जोड बसवायला लावला. मधल्या तोंडावर उघडी नळी उभी केली, सिमेंटच्या टाकीपेक्षाही हातभर उंच, म्हणजे तिच्यातून पाणी सांडणार नाही. पंप काढून टाकला. गच्चीवरून खाली यायला पाण्याला ढकलावं लागत नाही.

दुपारी विमलाने नळ उघडला. आधी खोकल्यासारखे दोन ठसके आले, मग एकसारखी धार. तिने हात धरला आणि चटकन मागे घेतला.

“दादा! गरम आलं!”

त्याला ऐकू गेलं नाही. तो नळीवर हात ठेवून उभा होता. त्याला आधीच कळलं होतं.

गुरुवारी बाळ आलं. न्हाऊ घालायला आलेल्या अंजनाबाईंनी कोपर बुडवून पाहिलं. “लय कढत हाय, विमलताई. थंड टाका अजून.” विमला हसत सुटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

उकळत्या पाण्याचं ते पातेलं आता माळ्यावर जायला हवं होतं. ती वळून पाहते तर शालिग्राम ते काखोटीला मारून शिडीच्या तिसऱ्या पायरीवर.

“दादा, उतर आधी!”

“ऐकू येऊन नाही राहिलं,” तो म्हणाला आणि चौथी पायरी चढला. विमलाने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.