तात्यांचा डोंगर

शाळा माझी चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर असं, की माझं मलाच परत लागत नाही. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी कोणाच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घालाव्यात. लालबागच्या आमच्या चाळीतले तात्या आता कोणाला आठवत नाहीत, म्हणून लिहिते.

तात्या डोंगर चढायला बसायचे तेव्हा आधी कमरेला पंचा घट्ट आवळायचे. डोंगर टीव्हीतला. बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने परदेशातून छोटा कॉम्प्युटर आणला होता. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावायची. पाचेक मिनिटं ती किंचाळायची आणि मग पडद्यावर बर्फाचा डोंगर यायचा, त्याला चिकटलेला बोटाएवढा माणूस. त्याचा एकेक हात, एकेक पाय वेगळ्या बटनाने हलायचा. चुकलं की तो खाली जायचा. मला ते बघवत नसे. मी दारात पडद्याकडे पाठ करून उभी राहायची.

"पाय ठरला की मगच हात सोडायचा," तात्या पोरांना सांगायचे. कोणी गिरणीच्या संपाचं विचारलं तरी तेच. "आपण हात आधी सोडला रे."

गिरणीत ते कापड विणायच्या साच्यावर कामाला होते. संप लांबला तसे पोरांकडून एका खेळाचे चार आणे घेऊन पोट भरू लागले. बायको वारलेली. मी त्यांना भाकरी करून द्यायची, खोली झाडायची, त्याचे ते पैसे द्यायचे. आमचे हे गावी मजुरीला गेले होते, चिठ्ठी नाही की निरोप नाही. पदरात तीन वर्षांची मुलगी. तात्यांचे पैसे बंद झाले तर चूल बंद, एवढं मला ठाऊक होतं.

एका दुपारी तात्या रेशनच्या रांगेत गेले होते. टेपरेकॉर्डर पुसताना काहीतरी खट् वाजलं. मी लक्ष दिलं नाही. सगळं पुसून झालं आणि पाहिलं, तर कॅसेट फिरत होती. थांबवायची कशी ते कळेना. शेवटी भिंतीवरचं बटन बंद केलं आणि घरी येऊन कडी लावली.

तात्या आले. त्यांच्या आणि माझ्या खोलीमध्ये लाकडाची भिंत, तिला मी कान लावून बसले. नेहमीची किंचाळी काही आली नाही. पोरं जमली तेव्हा तात्या म्हणाले, "आज डोंगर बंद. आवाज भरायचं लाल बटन दाबलं मी, सगळं पुसलं."

"तात्या, चष्मा बदला आता."

"तात्यांचा डोंगर खचला."

तात्या त्यांच्याबरोबर हसले. मी आत मुलीला छातीशी धरून बसले होते. त्यानंतर जिन्यात पाऊल वाजलं की वाटायचं, आलेच विचारायला. भाकरी द्यायला जाताना माझी नजर वर होत नसे. नुकसान करून लपली म्हणून चाळीत नाव झालं तर कुठे जायचं?

आठ दिवसांनी तात्यांचा तांब्याचा हंडा माझ्या दारावरून खाली गेला. तो विकून त्यांनी गिरगावातल्या कोणाकडून चाळीस रुपयांना कॅसेट भरून आणली. तो हंडा त्यांच्या बायकोचा. त्या दिवशी मी माझी भाकरी तशीच झाकून ठेवली. डब्यातले दोन रुपये घेतले आणि त्यांच्या दारात गेले.

"तात्या, ते बटन..."

"ठाऊक आहे गो बाय. दोन्ही बटनं तशीच दबलेली होती." जुनी कॅसेट त्यांनी टेपरेकॉर्डरमध्ये घातली. आतून फडका घासल्याचा आवाज आला आणि मग माझा. मी एकटी असले की बंद टीव्हीतल्या त्या बोटाएवढ्या माणसाशी बोलायची, तेच त्यात भरलं होतं. "पडू नको रे बाबा. तुझी पण घरी कोणीतरी वाट बघत असेल."

धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं. तात्या पंच्याने डोळे पुसत होते.

"मग पोरांना का नाही सांगितलंत?"

"तुला चाळीत तोंड दाखवायचंय. माझं काय, मला म्हातारा म्हणतातच."

मी दोन रुपये पुढे केले. वाटलं, नको म्हणतील. त्यांनी घेतले.

"नाही घेतले तर जन्मभर या दारावरून मान खाली घालून जाशील. महिन्याला दोन दे. घाई नको."

मी कागदाच्या पिशव्या चिकटवून दर महिन्याला दोन रुपये दिले. मधे हे परत आले, हात रिकामेच. गिरणीने तात्यांना परत घेतलं नाही. खोली सोडून ते गावी निघाले, त्या सकाळी मी शेवटचे दोन रुपये घेऊन गेले. खोलीत काही उरलं नव्हतं. टीव्हीसुद्धा गेला होता. वळकटीवर ती जुनी कॅसेट माझ्यासाठी काढून ठेवलेली.

नोट मी पुढे केली, पण बोटं सुटेनात. आता ते जाणार, मग या चाळीत मला कोण, असं काहीतरी मनात आलं.

तात्यांनी नोटेचं दुसरं टोक धरलं. "पाय ठरलाय गो तुझा," ते म्हणाले. "सोड आता."

मी सोडली. चाळीस पुरे झाले.